पितृपंधरवड्यातली तपासणी

सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या विनोदिनीबाईंच्या पायांवर कुणीतरी एकदम डोकं टेकवलं, तशा त्या दचकल्या. आता, कॉलेजात वीस-बावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईच्या पाया पडणारं कुणी ना कुणी भेटतच असतं. त्यात दचकण्यासारखं काही नाही. पण वाकलेल्या पोरीला उठवायला म्हणून त्यांनी खांद्याशी हात नेला आणि तो घसरून तिच्या मानेला लागला, कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला. घामेजलेली ऊन मान. बोटं आपणहून तिथं थांबली, चाचपून आली, इथं काही नाही असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. बाईंनी हात मागं घेतला तो चटका बसल्यासारखा. गेल्या दीड वर्षात त्यांनी कुणाच्या मानेला हात लावला नव्हता. दिरांच्या घरी गेल्या की छोटी पुतणी फणी घेऊन मांडीशी येऊन बसायची, तिलासुद्धा माझी बोटं दुखतात गं बाळा, म्हणून त्या परत पाठवायच्या. लोकांना वाटायचं, बाईंना संधिवात झाला असेल. वाटू दे.

“वळखलं न्हाई व्हय, बाई? मी अंजना.”

ओळखलं. नाव ऐकायच्या आधीच डेटॉलचा वास आला. कॉलेजचं फाटक, त्याच्या आत मांडलेली दोन बाकं, बाकावरच्या पेल्यात डेटॉलच्या पाण्यात उभे केलेले थर्मामीटर आणि रांगेत तोंडाला रुमाल बांधून उभ्या पोरी. अंजना शेजारी टेकली. भरल्या अंगाची झाली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. तिचं सासर आता माधवनगरला होतं, आईला बघायला म्हणून ती कवठे महांकाळच्या गाडीला आली होती. ती बोलत होती आणि बाई मान हलवत होत्या. मनातून मात्र त्या केव्हाच उठून चौऱ्याण्णव सालच्या पितृपंधरवड्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

गणपती बोळवून लोक जेमतेम घरी आले होते आणि सुरतेत प्लेग आल्याची बातमी येऊन थडकली. प्लेग! विनोदिनीबाई दर वर्षी फळ्यावर उंदरावरची पिसू काढायच्या, तिच्या पोटातल्या जंतूचं नाव इंग्रजीत लिहायच्या, पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षा झाली की विसरायची. ते फळ्यावरचं चित्र अंगावर चालून येईल असं कुणाला वाटलं होतं? औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या एका सकाळीत नाहीशा झाल्या. रुमालांना भाव आला. मेलेली घूस दिसली की गल्लीच्या गल्ली दारं लावून घ्यायची. आणि नेमका पंधरवडा म्हाळांचा. सांगली जिल्ह्यातली निम्मी गावं गलाईवाल्यांची, म्हणजे सोनारांकडची सोन्या-चांदीची आटणी करायला मुलूखभर पांगलेल्या माणसांची. कुणी कलकत्त्याला, कुणी कोचीनला, आणि सुरतेला तर वाडीच्या वाडी. वाडवडलांच्या म्हाळाला ही माणसं घरी येतात म्हणजे येतातच. त्यात सुरतेतून सगळेच पळत सुटलेले. ती आली, पंगतीला बसली, आणि त्याच पंगतीत जेवून त्यांच्या मुली सोमवारच्या गाडीनं होस्टेलला परत आल्या. प्राचार्यांना वरून हुकूम आला, रोज एकेका वर्गाची फाटकातच तपासणी करा. मुलांना सरकारी दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर मिळाला. मुलींसाठी बाई डॉक्टर मिळेना. तुम्ही प्राणिशास्त्राच्या, शिवाय वयात आलेल्या मुलीची आई, तुमच्याशिवाय कोण करणार, असं म्हणून प्राचार्यांनी ते काम विनोदिनीबाईंच्या गळ्यात घातलं. डॉक्टरनं अर्ध्या तासात शिकवलं. ताप बघायचा. मान चाचपायची, मग पडद्याआड काखा. सुरतेचं कुणी भेटलंय का, एवढं विचारायचं. ताप आणि सुरत दोन्ही असलं की पोरगी बाजूला काढायची.

पहिल्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखं झालं. पोरींना गुदगुल्या व्हायच्या, त्या रुमालात तोंड खुपसून हसायच्या. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. आणि तिसऱ्या दिवशी, खरं सांगायचं तर, विनोदिनीबाईंना ते काम आवडायला लागलं. किती तऱ्हेच्या माना त्या! लांब, आखूड, पावडर लावलेल्या, कुणाच्या गळ्यात काळा दोरा, कुणाच्या मानेवर मागं चुलीच्या धुराचा वास. वर्गात फळ्याकडं तोंड करून शिकवलेल्या या मुली पहिल्यांदाच हाताला लागत होत्या. हात ठेवला की घोट गिळायच्या, तो गिळलेला घोट बोटांना कळायचा. आपल्या ऋचाच्या मानेला आपण शेवटचा हात कधी लावला, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. अकरावीत तिनं केस कापून घेतले, त्या दिवसापासून फणी सुटली आणि तिची मानही सुटली. घरात दोघीच. अनंतराव नोकरीला साताऱ्याला, पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. एका छपराखाली राहून माय-लेकी एकमेकींना ताटवाटीपुरत्याच शिवत होत्या.

अंजना रांगेत आली तेव्हा खोकत होती. बाईंनी थर्मामीटर उन्हाकडं धरून पाहिला. ताप फार नव्हता, पण होता. मानेत काही नाही, काखेत काही नाही. सुरतेचं कुणी भेटलं का, असं विचारल्यावर इतर पोरी सरळ नाही म्हणून मोकळ्या व्हायच्या. काहींचं नाही खोटं असायचं, तेही कळायचं. ही सरळ म्हणाली, “व्हय. म्हाळाला समदी आल्यात. दादा, चुलतं, समदी.” तिच्या मागची पोरगी दोन पावलं मागं सरकली, तिच्या मागची चार. आपण काय बोललो ते अंजनाच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी तिचं नाव मोठ्यानं घेतलं आणि तिला पिंपळाखालच्या बाकावर बाजूला बसायला सांगितलं. नियमच होता तो. दवाखान्याची जीप यायला वेळ होता. ती तिथं दप्तर मांडीवर घेऊन एकटीच बसून राहिली.

आणि तिच्या मागं तीन-चार पोरी सोडून ऋचा. घरीच बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ऋचाचं सगळं सरळ. मी काय तुझी मुलगी म्हणून आडवाटेनं आत जाऊ, असं म्हणून सगळ्यांसारखी रांगेत उभी. आईसमोर येऊन तिनं मुद्दाम हनुवटी वर केली, डोळे मिटले, म्हणाली, घ्या बाई, कापा. विनोदिनीबाई हसल्या. हसता हसता त्यांची बोटं डाव्या बाजूनं खाली उतरली आणि गळ्याच्या हाडाच्या जरा वर, मांसात, भिजलेल्या वाटाण्याएवढं काहीतरी त्यांच्या बोटाखालून सरकलं. पुन्हा पाहिलं. होतं. दाबलं तर ऋचाला दुखलं नाही. काय गं, ती म्हणाली. काही नाही, आई म्हणाली.

डॉक्टरला त्यांनी बाजूला घेतलं. तो बिचारा रात्रीचा झोपलेला नव्हता. त्यानं ऋचाची मान पाहिली, ताप पाहिला; ताप नाही. सुरत? नाही. दुखतं? नाही. मग प्लेग नाही, तो म्हणाला, घसा सुजला, दाढ किडली तरी अशा गाठी येतात. आणि मग, त्याच्या परीनं सरळपणानं, त्यानं निर्णय बाईंवरच टाकला. नक्कीच करायचं असेल तर जीपमधून पाठवतो, तिकडं रक्त, फोटो, सगळं बघतील, पण आठ दिवस संशयितांच्या खोलीत झोपावं लागेल. बघा. विनोदिनीबाईंना ती खोली दिसली. खोकणारी, घामेजलेली माणसं, आणि मधे खाटेवर आपली पोर. तिला नसलेला रोग तिथंच लागायचा. शिवाय उद्या गावभर होणार, बाईंच्या मुलीला गाठ निघाली. त्या म्हणाल्या, नको. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? पिंपळाखाली अंजना बसली होती. ऋचा वर्गात गेली.

पण एक गोष्ट त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टर ऋचाची मान चाचपत होता तेवढ्या वेळात या प्राणिशास्त्राच्या बाईंनी, फळ्यावर पिसू काढणाऱ्या बाईंनी, मरीआईला नवस बोलून टाकला होता. प्लेग नसू दे, दहीभात घेऊन येते. नवस बोललेला ठेवायचा नसतो. पुढच्या मंगळवारी माधवनगरच्या रस्त्याला, वेशीबाहेरच्या त्या लहानशा देवळात त्या रिक्षानं गेल्या, दहीभात ठेवला, खणा-नारळानं ओटी भरली, हिरव्या बांगड्या ठेवल्या आणि निघाल्या. मरीआईपुढनं निघालं की मागं वळून बघायचं नसतं. वळलं की ती पुन्हा पाठोपाठ येते. साताऱ्याला त्यांच्या लहानपणी आळीतल्या बायका पोरांची मुंडकी धरून पुढं चालवायच्या, कुणी वळू नये म्हणून. विनोदिनीबाई वळल्या नाहीत. रिक्षात बसेपर्यंत नाही, घरी पोचेपर्यंत नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. ऋचाच्या मानेकडंही त्यांनी त्यानंतर मुद्दाम पाहिलं नाही. फेडलेल्या नवसावर पुन्हा बोट ठेवायचं म्हणजे देवीवर संशय घेणं, असं काही त्यांनी शब्दांत मांडलं नव्हतं. पण हात जायचा नाही एवढं खरं. प्लेगही सुंठीवाचून खोकला जावा तसा दसऱ्याच्या आत गेला. रुमाल सुटले, बाकं उचलली.

ऋचानं मात्र एकदा विचारलं होतं. लुनावर मागं बसून, बाजारातून येताना. अंजनाला नेलं, मला का नाही? तिला ताप होता, आई म्हणाली, वारं कानावरून जात होतं म्हणून जरा मोठ्यानं. मला गाठ होती की, ऋचा म्हणाली. आई पुढच्या ट्रककडं बघत राहिली आणि ऋचानं विषय सोडून दिला. दुसऱ्याला अवघडायला लावायचं नाही हा तिचा स्वभावच होता.

दिवाळी साताऱ्याला झाली. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसलेल्या ऋचाला बाईंनी तेल लावलं. वर्षातला तो एक दिवस पोरगी आईच्या हाती अंग सोपवते. खांदे, पाठ, दंड, आणि मग तेलकट हात मानेवर गेले. वाटाण्याची सुपारी झाली होती आणि तिच्या शेजारी अजून एक आली होती. हात थांबला. दुखत नाही गं, ऋचा म्हणाली. मोरीबाहेर बंबात लाकडं सारणाऱ्या अनंतरावांनी विचारलं, काय झालं? “काही नाही,” विनोदिनीबाई म्हणाल्या, “मानेत जरा गाठ आहे. तपासलंय ते कॉलेजात.” तपासलंय! त्या शब्दावर तिघांनी दिवाळी केली. चकल्या खाल्ल्या, किल्ल्याच्या बाजूला फिरायला गेली, यवतेश्वरच्या चढाला ऋचाला धाप लागली तेव्हा अनंतराव म्हणाले, आजकालच्या पोरांना चालायची सवय नाही. तपासलेलं काय होतं? प्लेग तपासला होता. प्लेग नव्हता. तो नव्हताच.

पुढचं त्यांना आठवायचं नसतं आणि तेच आठवत राहतं. रात्री घामानं भिजणारी उशी. सैल होत गेलेल्या बांगड्या. मग मिरजेला काढून पाठवलेला गाठीचा तुकडा, मग मुंबई. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, पहिल्यांदा कधी हाताला लागली? अनंतराव बायकोकडं बघत होते, ऋचाही बघत होती. विनोदिनीबाई म्हणाल्या, दिवाळीत.  ऋचाला तर माहीत होतं! तिनं आईचं खोटं ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. लवकर आलं असतं तर औषधाला जरा वाव होता, डॉक्टर म्हणाले. त्या खिडकीबाहेर बघण्याचं काय करायचं, हे विनोदिनीबाईंना आजतागायत कळलेलं नाही. ती रागावली असती, आदळआपट केली असती, सगळ्यांदेखत आईचं खोटं बाहेर काढलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं आईला सांभाळून घेतलं. वर्षभर उलट्या, गळलेले केस, सुया, त्यातही सांभाळून घेतलं. माघात गेली. लोक आले, सतरंजीवर बसले, घड्याळाकडं बघितलं, ईश्वरेच्छा म्हणाले, कोरा चहा घेतला, गेले. शिकलेल्यांच्या घरात रडायचीही एक रीत असते. डोळ्याला रुमाल लावायचा आणि आवाज होऊ द्यायचा नाही. विनोदिनीबाईंनी आवाज होऊ दिला नव्हता. पंधराव्या दिवशी त्या कॉलेजात गेल्या आणि बेडकाचं हृदय शिकवलं.

“त्येच सांगाय तुमाला किती दिस शोधतीय मी, बाई,” अंजना म्हणत होती. तिनं बाईंचा हात कधी आपल्या हातात घेतला होता ते त्यांना कळलंच नव्हतं. कॉलेज सुटल्यावर लगेच लग्न झालं, मग कॉलेजाकडं येणं झालंच नाही, असं काय काय ती सांगत होती. आणि मग ते आलं. त्या जीपमधून नेल्यावर तिला आठ दिवस ठेवलं. प्लेग नव्हताच. पण तिथं सगळ्यांचाच छातीचा फोटो काढत होते, तसा तिचाही काढला, आणि फुप्फुसावर डाग निघाला. टीबी. नुकती सुरुवात होती. गोळ्या सुरू झाल्या, वर्षाच्या आत ती खडखडीत बरी झाली. तिची चुलती त्याच खोकल्यानं गेली होती, खोकून खोकून; तिला कुणी बघितलंच नव्हतं, पोरीच्या जातीचा खोकला कोण बघतंय. अंजनाचाही कुणी बघितला नसता. घरात सगळे म्हणायचे, धुळीनं होतंय.

विनोदिनीबाईंना वाटलं, आता हिनं थांबावं. साताऱ्याची गाडी फलाटाला लागली होती, कंडक्टर पुकारत होता, लोक खिडकीतून पिशव्या टाकत होते. अंजना थांबली नाही. उपकार फेडायला आलेलं माणूस मधे थांबत नसतं.

“तवा लय शिव्या घातल्या मी तुमाला,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? मी पिंपळाखाली बसून समदं बघत हुते. ऋचाच्या मानंला बी काय तरी लागलं तुमाला, तुमी डॉक्टरला दावलं, आन् सोडून दिलं तिला. मी आईला म्हनलं, बघ, सोताची पोरगी सोडली आन् मला धाडली. पर आता म्हंते, पोटच्या पोरीपेक्षा जादा केलं बाईंनी माझं. तुमी मला बाजूला काढलं न्हसतं, तर आज मी न्हसते.”

कुणीतरी पाहिलं होतं तर.  एवढे दिवस त्यांना वाटत होतं, हे जगात फक्त आपल्याला आणि ऋचाला माहीत होतं आणि ऋचा ते घेऊन गेली. आणि हे तिसरं माणूस, मेथीची जुडी घेतलेलं, हसत्या तोंडानं त्यांचं तेच करणं उपकार म्हणून परत आणून देत होतं. अंजनाचा चेहरा निर्मळ होता. तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

“ऋचा कुटं असती आता?” तिनं विचारलं. “लगीन झालं असंल की.”

आहे बरी, असं बाई म्हणू शकल्या असत्या. साताऱ्याला असते, म्हणू शकल्या असत्या. कॉलेजातल्या नव्या शिपायाला त्यांनी एकदा तसं सांगितलंही होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटला तो भलताच, कोरडा, दुसऱ्याच कुणाचा तरी.

“ती गाठ कॅन्सरची होती, अंजना. गेली ती. मी पाठवलं नाही तिला. तुला पाठवलं आणि तिला सोडून दिलं.”

अंजनाचं हसू तसंच राहिलं, क्षणभर. मग तिनं पिशवी खाली ठेवली. ईश्वरेच्छा म्हणाली नाही, तुमची काय चूक बाई, असं म्हणाली नाही. गावाकडं दारात सुतकाचं माणूस आलं की बायका जे करतात तेच तिनं केलं. उठली, बाईंच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, त्यांच्या मानेत तोंड खुपसलं आणि भर स्टँडवर, कवठ्याच्या, तासगावच्या, साताऱ्याच्या माणसांदेखत, नाव घेऊन मोठ्यानं सूर काढला. ऋचा, माझी बया, आमाला सोडून कुटं गं गेलीस. चहावाला गाळणी हातात धरून बघायला लागला. विनोदिनीबाईंनी आधी तिला दूर करायला हात उचलले. ते हात तिच्या मानेवर पडले. मग तिथंच राहिले. प्राध्यापिका विनोदिनीबाई त्या पोरीची मान दोन्ही हातांनी घट्ट धरून, साताऱ्याची गाडी सुटून गेली तरी, आपल्या मुलीच्या नावानं ओरडून ओरडून रडत होत्या.